आधी वेलांटी, मग सांत्वन

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी येते, की ‘ब’ विंगमधले आजोबा रात्री गेले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. तेवढ्यात कुणीतरी लिहितं, ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. झालं! तिसऱ्या मिनिटाला वेलांटीकाका हजर. ‘भावपूर्णमधला पू दीर्घ. श्रद्धांजलीत द अर्धा आणि ध पूर्ण, उलट नव्हे. मृतात्म्यास शांती लाभो.’ यावर ‘क’ विंगमधल्या दुसऱ्या जाणकारांना राहवत नाही. आत्मा अमर असल्यामुळे ‘मृतात्मा’ हा शब्दच अशुद्ध आहे, असं ते गीतेच्या आधारानं कळवतात. वेलांटीकाका उत्तर देतात, की हा कर्मधारय नसून बहुव्रीही आहे. मग ‘शांती’ की ‘शांति’ यावर अर्धा तास जातो. अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते आजोबांच्या मुलानं मध्येच लिहिलेलं असतं. पण समास सुटेपर्यंत तो मेसेज इतका वर गेलेला असतो, की निम्मी सोसायटी स्मशानात पोचते तेव्हा घरचे लोक परत निघालेले असतात.

वेलांटीकाका प्रत्येक सोसायटीत असतात. इमारतीच्या नकाशात पाण्याच्या टाकीशेजारी त्यांची जागा सोडलेलीच असावी. ऑफिसात ते वेलांटीसर असतात, आजोळी वेलांटीमामा, आणि पुष्कळ घरांत वेलांटीआत्याही असतात. पगार कुणालाच नाही, रजा कुणीच घेत नाही. लग्नपत्रिका हातात पडली की बाकीचे लोक तारीख आणि जेवणाची वेळ बघतात, काका ‘आशीर्वाद’मधला रफार बघतात. तो ‘वा’वरून घसरून ‘शि’वर जाऊन बसलेला दिसला, की त्यांना लग्नाला जायची गरज उरत नाही. मुलीकडच्या माणसांबद्दल जे कळायचं ते कळलेलं असतं. हॉटेलच्या पाटीवर ‘थालिपिठ’ वाचून त्यांची भूक मरते. ‘सुस्वागतम्’ लिहिलेल्या कमानीखालून ते जात नाहीत, बाजूनं जातात. कारण स्वागतात एक ‘सु’ आधीच आहे, दुसऱ्याचा भार त्यांच्या डोक्याला सोसत नाही. भर पावसात गाडी बंद पडलेला माणूस ‘काका, जरा माझी मदत करा’ म्हणाला, तर ते छत्री मिटत नाहीत. ‘मला मदत करा’ असं शुद्ध मराठीत म्हणेपर्यंत थांबतात, मग ढकलतात. ‘महत्त्व’ या शब्दात दोन ‘त’ असतात हे सांगताना त्यांना स्वतःला जे महत्त्व येतं, त्यात किमान तीन असतात.

वर्तमानपत्रात ‘कोट्यावधी रुपयांचा अपहार’ असं छापून आलं, की काका पेटतात. ‘ट्या’ला काना कुठून आला? कोटी अधिक अवधी, कोट्यवधी! संपादकाला पत्र जातं. पत्रात त्या कान्याची कसून चौकशी असते. रुपये कुणी खाल्ले, हा प्रश्न त्यांच्या खात्यात येत नाही. रस्त्याच्या ‘दुरावस्थे’बद्दल कुणी तक्रारअर्ज लिहिला, तर ते सहीआधी ‘दुरवस्था’ करून देतात. अर्ज शुद्ध होतो. खड्डा तिथेच असतो.

आता कुणी म्हणेल, भाषेवर प्रेम करणारी चार माणसं उरली आहेत, त्यांचीही तुम्ही टवाळी करता! तसं नाही. चूक ही चूक असते आणि ती दाखवायलाही कुणीतरी हवं. माझी तक्रार एवढीच आहे, की काका चुका निवडून दाखवतात. त्यांची नजर शब्दावर पडायच्या आधी तो लिहिणाऱ्याच्या चपलांवर पडते. चप्पल झिजलेली असली, की चूक मोठी दिसते.

हा छंद आजचा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, एक वैयाकरण रथापाशी येतो आणि विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी अदबीनं सांगतो, आयुष्मन्, मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरण ताबडतोब म्हणतो, अपशब्द! रथ कुठे जायचा, घोडे दमलेत का, बसायला जागा आहे का, काही नाही. सारथी शांतपणे समजावतो, की देवानांप्रिय महाराजांना नियम कुठवर पोचतो ते ठाऊक आहे, पण लोकांना कोणतं रूप चालतं ते ठाऊक नाही. आता वैयाकरणाकडे उत्तर नाही. मग तो काय करतो? सारथ्याच्या ‘सूत’ या ओळखीलाच धरून त्याला ‘दुरुत’ असा वाईट शब्द वापरतो. आणि सारथी तिथेही त्याला पकडतो. ‘सूत’ शब्द तुम्ही समजता त्या धातूपासून आलेलाच नाही, शिवीच द्यायची असेल तर ‘दुःसूत’ म्हणा, असं तो सुचवतो.

दोन हजार वर्षांहून जुना हा संवाद आजही कुठल्याही ग्रुपवर जसाच्या तसा चालेल. चूक काढली ती रथात बसणाऱ्याची नव्हे, रथ हाकणाऱ्याची. हरल्यावर मुद्दा सोडून माणसावर घसरायचं, हेही ठरलेलं. आणि घसरताना जी शिवी दिली, ती अशुद्ध! ‘देवानांप्रिय’ म्हणजे देवांचा लाडका. पुढच्या संस्कृतात त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा झाला. सारथ्यानं तो आधीच त्या अर्थानं वापरला असावा, असा माझा दाट संशय आहे. आणि विशेष म्हणजे ही गोष्ट लिहून ठेवली ती कुणा सारथ्यानं नव्हे, तर वैयाकरणांच्या सर्वांत मोठ्या गुरूनं. पतंजलीला आपल्या बिरादरीवर हसता येत होतं. पुढच्या शिष्यांनी त्याचं व्याकरण घेतलं, हसू ऑप्शनला टाकलं.

त्याच महाभाष्यात काही ऋषींची हकीकत आहे. ‘यद् वा नः, तद् वा नः’ म्हणायचं तिथे ही मंडळी बोलताना ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणायची. लोकांनी त्यांचं नावच ते पाडलं. पण यज्ञाला बसले की उच्चार चोख. पतंजली त्यांना नापास करत नाही, उलट जाणायचं ते सगळं जाणलेली माणसं म्हणतो. यज्ञात सोवळं, ओसरीवर पंचा, इतकं साधं गणित होतं. काका मात्र ओसरीवर पंचा गुंडाळून बसलेल्या माणसाला सोवळं कुठे म्हणून विचारतात, आणि खरोखर यज्ञ चालू असतो तिथे प्रसादाच्या रांगेत गुपचूप उभे राहतात.

आपल्या मातीतलंच उदाहरण हवं असेल तर पैठणला चला. कथासरित्सागरात सातवाहन राजाची गोष्ट आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी पाण्याच्या माऱ्यानं दमली आणि संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’ मारा. म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्यानं नको. राजाला संधी कळला नाही. त्यानं तत्परतेनं मोदक मागवले. राणी हसली, तुम्हाला एवढंही व्याकरण येत नाही म्हणाली, आणि राजा खोलीत जाऊन आडवा झाला. राजाची चूक काढायची परवानगी राज्यात एकाच व्यक्तीला असते, तिनं ती वापरली. इथवर सगळं ठीक होतं. एखाद्या शहाण्या नवऱ्यानं आलेले मोदक खाऊन विषय संपवला असता.

पण राजानं ते मनाला लावून घेतलं. व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो, असं गुणाढ्य पंडित म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत! पैज लागली. शर्ववर्म्यानं कातंत्र व्याकरण आणून ती जिंकली, आणि हरलेल्या गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. म्हणजे चूक केली राजानं आणि तोंड बंद झालं पंडिताचं. पुढे गुणाढ्यानं रानात राहून पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली आणि दरबारात पाठवली. पाण्याला मोदक समजलेला हा राजा आता काय म्हणाला? भाषा पैशाची आहे, ग्रंथ परत न्या. नव्यानं शुद्ध झालेल्या माणसाइतका कडक कुणी नसतो. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत गेला. ऐकता ऐकता जनावरं चरायची थांबली, वाळली. तेव्हा राजवाड्यातल्या ताटातलं मांस सुकं लागायला लागलं, आणि मग कुठे चौकशी झाली, की रानात हे चाललंय तरी काय? राजा धावत पोचेपर्यंत सहा लाख श्लोक गेलेले होते. वाङ्मयाच्या हानीनं नाही, जेवणाच्या तक्रारीनं उरलेला लाख वाचला. सरकारी चौकशा तेव्हापासून अशाच सुरू होतात.

बरं, नियम तरी पक्के आहेत म्हणावं, तर तेही नाही. जुन्या मराठीत अनुस्वारांचा पाऊस होता. ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मीं’, ‘तूं’. नाकातून उच्चार होवो न होवो, टिंब हवंच. मग १९६२ साली राज्य सरकारनं मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य केले आणि उच्चार नसलेली ती सगळी टिंबं एका फटक्यात सेवानिवृत्त झाली. १९७२ साली आणखी चार नियम आले, एकूण अठरा झाले. २००९ साली तर ‘ल’ आणि ‘श’ कसे काढायचे, याचाही शासननिर्णय निघाला. आता १९६१ सालच्या वेलांटीकाकांची कल्पना करा. टिंब नसलेलं ‘नाव’ दिसलं की लाल पेन. तेच काका १९६३ साली. टिंब असलेलं ‘नांव’ दिसलं की लाल पेन. पेन तेच, आवाज तोच, ‘तुमच्या पिढीला काही येत नाही’ हे वाक्यही तेच. मधल्या काळात बरोबर होतं ते चूक झालं आणि चूक होतं ते बरोबर झालं, पण काका एकदाही चुकले नाहीत.

हे अठरा नियम शिकायला घ्या. ‘वीस’ दीर्घ, ‘विष’ ऱ्हस्व. ‘मजूर’ दीर्घ, ‘मधुर’ ऱ्हस्व. ‘दूध’ दीर्घ, ‘गुण’ ऱ्हस्व. बोलताना फरक ऐकू येतो का? मराठी माणसाच्या तोंडून तरी नाही. मग ओळखायचं कसं? काका म्हणतात, सोपं आहे. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर संस्कृतातल्याप्रमाणे, नाहीतर मराठीच्या नियमाप्रमाणे. म्हणजे आधी शब्दाचं कूळ विचारायचं आणि मग त्याला कुठे बसवायचं ते ठरवायचं. ही पद्धत आपल्याकडे माणसांना लागू होतीच, शब्द तेवढे राहिले होते. ज्याच्या आजोबांच्या ओसरीवर अमरकोश घोकला जायचा, त्याला ‘विष’ घरबसल्या मिळालं. ज्याचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, त्याच्या पदरी ‘मजूर’ आला. तो दीर्घ आहे हे मात्र त्याला कुणी सांगावं लागलं नाही. परीक्षेत दोघांचेही मार्क सारखेच कापतात. याला समता म्हणायचं.

गावांची तीच तऱ्हा. ‘नागपूर’ दीर्घ, त्यासाठी स्वतंत्र नियमच आहे. पण गाडी ‘नागपुरात’ शिरली की ऱ्हस्व. ‘पूल’ लांबून दीर्घ, ‘पुलावर’ चढलात की ऱ्हस्व. ‘पाणी’ दीर्घ, ‘आणि’ ऱ्हस्व. का, तर ‘आणि’ हा अपवाद. आणि नागपुरात उतरल्यावर समोरचा माणूस ‘काय करून राहिला बे’ असं प्रेमानं विचारतो, तेव्हा काकांना सामान उचलायचंही सुचत नाही. ‘करून राहिला’ हे कुठल्या व्याकरणात बसतं? बसतं हो, वऱ्हाडी-नागपुरीत बसतं, पाय पसरून बसतं. काकांनाच तिथे उभं राहावं लागतं, एवढंच.

सर्वांत जास्त हसू होतं ते ‘न’ आणि ‘ण’ यांवरून. कामवाल्या बाई ‘पानी’ म्हणाल्या, की वेलांटीआत्या खोकतात. आता जरा मुळात जाऊ, कारण काकांना आणि आत्यांना मुळात जायला फार आवडतं. संस्कृत शब्द आहे ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. म्हणजे बाई मुळाला धरून आहेत, ‘ण’ मागाहून आपण घातला. उलट जिथे ‘ण’ होता तिथे आपण काय केलं? ‘पर्ण’चं ‘पान’ केलं, ‘कर्ण’चा ‘कान’ केला, ‘उष्ण’चं ‘ऊन’ केलं आणि ‘जीर्ण’चं ‘जुनं’ केलं. ‘न’ होता तिथे ‘ण’, ‘ण’ होता तिथे ‘न’! एवढी अदलाबदल करून प्रमाण मराठी साळसूदपणे खुर्चीवर बसली आणि बोट मात्र भांडी घासणाऱ्या बाईंकडे. हालाच्या गाथासप्तशतीतल्या महाराष्ट्री प्राकृतात तर ‘न’ला जवळजवळ बंदीच होती. ‘नयन’चंसुद्धा तिथे ‘णअण’ होतं. तेव्हाच्या आत्या ‘न’ म्हणणाऱ्यांकडे बघून खोकत असणार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, काकांनी ‘अभिजात’चा अर्थ सगळ्यांना समजावून सांगितला. या दर्जासाठी जे पुरावे मांडले होते, त्यांत हीच गाथासप्तशती होती. पतंजलीनं ‘गौः’ या एका शब्दाचे ‘गावी’, ‘गोणी’ वगैरे अपशब्द नोंदवून ठेवले आहेत; आपली ‘गाय’ त्याच गोठ्यातली. तेव्हाच्या एखाद्या काकांनी गल्लोगल्ली फिरून ‘हस्त’ म्हणा, ‘दुग्ध’ म्हणा, ‘अग्नि’ म्हणा, असं सगळ्यांना वठणीवर आणलं असतं, तर आज आपल्याला हात नसता, दूध नसतं आणि आगही नसती. संस्कृतातल्या ज्या चुका दोन हजार वर्षं कुणी दुरुस्त करू शकलं नाही, त्यांना मराठी म्हणतात. आणि त्या मराठीत चूक झाली, की काका रडतात.

शुद्धलेखनाचा सोटा कुणाच्या पाठीत बसतो, याचा एक जुना दाखला आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, आणि पुढे तिच्यात जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. शास्त्रीबोवांचं गद्य डौलदार होतं, यात वादच नाही. पण समोरचा माणूस विचारत होता, की माणसाला गुलाम कुणी केलं? या प्रश्नाला विभक्ती लावून उत्तर मिळत नाही. मुद्दा अंगावर आला की प्रत्यय तपासायला घ्यायचे, ही युक्ती तेव्हापासून मराठीत फार चालते. आजही कुणी गावाकडची पोरगी आपल्या शाळेबद्दल, विहिरीबद्दल, बापाच्या कर्जाबद्दल चार ओळी लिहिते. खाली पहिला अभिप्राय येतो, ‘विचार चांगले, पण शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ तिचं लक्ष विहिरीकडे असतं, कारण विहीर आटलेली असते. ‘विहीर’मधली दुसरी वेलांटी दीर्घ आणि ‘विहिरी’त ती ऱ्हस्व, एवढं कळल्यानं पाणी लागतं का, ते काकाच जाणोत.

आता काकांना ऑफिसात बघा. शनिवारी संध्याकाळी साहेबांचा मेसेज येतो: ‘ऊद्या रवीवारी सगळ्यांनी ९ वाजता येने. सुट्टी मीळनार नाही.’ या मजकुरात शुद्ध शोधायला दिवा लागेल. पण काका काय लिहितात? ‘नक्की सर.’ आणि पुढे जोडलेले दोन हात. लाल पेन खिशातच. खालोखाल शिपाई लिहितो, ‘मी ऊद्या येनार नाही, मूलगी आजारी आहे.’ काकांच्या खिशात पेन वळवळतं. ‘येणार’, ण नळाचा नव्हे, बाणाचा. ‘मुलगी’मधला मु ऱ्हस्व. मुलीला काय झालंय, हे दुसरं कुणीतरी विचारतं.

चौकात चला. भावी नगरसेवकांचा भलामोठा फ्लेक्स लागलाय. ‘वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा’. त्यावर गॉगल घातलेले बारा चेहरे, आणि चेहऱ्यांवरून दिसतं, की दंडही बरे आहेत. काका मान वर करून वाचतात. चष्मा पुसतात. पुन्हा वाचतात. आणि मग फ्लेक्सच्या खाली बसलेल्या फुलवालीच्या पाटीकडे वळतात. ‘झेंडुची फुलं’ असं तिथे खडूनं लिहिलंय. ‘बाई, झेंडूमधला डू दीर्घ असतो हं.’ ती म्हणते, ‘पाव किलो देऊ का अर्धा?’ काका उकार देऊन निघून जातात. फुलं घेत नाहीत.

आणि जिथे वेलांटीसाठी खरोखर भांडायला हवं, तिथे तर ते फिरकतही नाहीत. सातबारावर ‘पाटील’चं ‘पाटिल’ झालं, तर शेतकऱ्याला पीककर्जाच्या खिडकीवरून परत पाठवतात. आधारकार्डावर दीर्घ, इथे ऱ्हस्व, माणूस एकच कशावरून? वेलांटी चुकवली कचेरीतल्या संगणकानं, प्रतिज्ञापत्र करायचं शेतकऱ्यानं. ‘पाटील आणि पाटिल या नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’, असं त्यानं शपथेवर सांगायचं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातल्या चुकांच्या दुरुस्तीचा अर्ज करायचा, तलाठ्याकडून तहसिलात, तहसिलातून पुन्हा तलाठ्याकडे. एका वेलांटीसाठी एसटीचं भाडं, झेरॉक्स, नोटरी, बुडालेली मजुरी. महाराष्ट्रात एवढी महाग वेलांटी दुसरीकडे कुठे मिळत नाही. मार्कशीटवर आईचं नाव चुकलं, जन्मदाखल्यात आडनाव चुकलं, की दुरुस्तीचे खेटे घालायचे, आणि तेही चुकलेल्यानं नाही, ज्याचं चुकवलं त्यानं. तहसिलाच्या त्या रांगेत एखादे वेलांटीकाका उभे राहिले आणि खिडकीतल्या माणसाला त्याच गुरगुरत्या आवाजात म्हणाले, ‘ही वेलांटी दीर्घ आहे, आत्ता नीट करा’, तर मी त्यांची पालखी उचलीन. पण तिथे समोर शिक्का असतो, आणि शिक्क्यापुढे काकांना सगळं शुद्ध दिसतं.

हेच काम पूर्वी पगार घेऊन करणारी माणसं होती. वर्तमानपत्रांत आणि छापखान्यांत ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची, त्यांना मुद्रितशोधक म्हणायचे. समोर ओल्या शाईची प्रूफं, हातात लेखणी. मोठमोठ्या लेखकांचे ऱ्हस्व-दीर्घ, गाळलेली क्रियापदं, दोनदा आलेले परिच्छेद ही माणसं समासात एक खूण करून निस्तरायची. लेखकाची लाज त्या समासातच राहायची, बाहेर जायची नाही. वाचकाला मुद्रितशोधकाचं नाव कधी कळलं नाही. अरुण फडके यांच्यासारख्या माणसानं लेखन-कोश केला, कार्यशाळा घेतल्या. ज्याला नीट लिहायचंय त्याच्या हातात साधन दिलं, डोक्यावर टपली मारली नाही. आता खर्च वाचवायला बहुतेक ठिकाणची ती टेबलं उठली. चुका समासातून उडी मारून थेट मथळ्यात आल्या. आणि जे काम एका कोपऱ्यात, हलक्या हातानं, महिन्याच्या पगारावर चालायचं, ते आता चव्हाट्यावर, ओरडून, फुकटात चालतं. फुकटाचं असल्यामुळे त्यात मजुरी वसूल करायची एकच वाट उरली आहे, समोरच्याचा पाणउतारा.

ओळखायची खूण सोपी आहे. चूक कानात सांगितली, तर तो भाषेचा माणूस. ग्रुपवर सांगितली, तर तो स्वतःचा माणूस. आणि फक्त शिपायाला, फुलवालीला आणि भांडी घासणाऱ्या बाईंना सांगितली, तर त्याला भाषेशी किंवा वेलांटीशी काही देणंघेणं नाही. त्याला आपण कुणाच्या तरी वर आहोत, एवढीच रोज एकदा खात्री करून घ्यायची असते. दुसरं काही हाताशी नसलं, की उकार बरा पडतो.

म्हणून वेलांटीकाकांना नम्र सूचना. लाल पेन फेकू नका, नवी रिफिल टाका. फक्त सुरुवात वरून करा. सोमवारी साहेबांचा तो मेसेज दुरुस्त करून ग्रुपवर टाका, ‘येणे’मधल्या ‘ण’सकट. मंगळवारी चौकातला फ्लेक्स घ्या. शिडी सोसायटीची आहे, वॉचमन धरून ठेवील, भावी नगरसेवकांचे बारा मित्रही मदतीला येतील. बुधवारी तहसील कचेरी, खिडकी क्रमांक विचारून घ्या. गुरुवारी बँकेच्या फॉर्मवरचं मराठी, तिथे दुपार पुरणार नाही. शुक्रवारी आयकराच्या नोटिशीतली विरामचिन्हं. शनिवारी व्याह्यांनी पाठवलेलं मानपानाचं पत्र, प्रत्येक चुकीखाली रेघ मारून, पोचपावतीसह परत. आणि रविवारी, नोकरी, जावई आणि हातपाय यांपैकी जे शाबूत असेल ते घेऊन आमच्याकडे या. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकवून तयार ठेवतो.